काही न करणाऱ्यांचा गट

नाही, पण मी काय म्हणतो, काही न करण्यासाठी माणूस निवडायचा तो कसा? करणारा निवडायचा असेल तर समजू शकतो, बाबा याचे खांदे बघा, याची पोटरी बघा, हा उचलेल, हा पळेल... पण न करणारा? त्याची काय परीक्षा घेणार? तर म्हणे पाकीट उचलायचं. तुम्हाला सांगतो, साठ बंद पाकिटं टेबलावर, त्यातलं एक आमच्या बुद्धरत्ननं उचललं, आत निघाला 'ब', आणि समोरच्या मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही ब गट. आता सहा आठवडे तुम्ही काही करायचं नाही."

अहो, हे ज्याला सांगायचं त्याला सांगा. जो पहाटे उठून टेकडी चढतो, संध्याकाळी जिमला जातो, रविवारी सायकल घेऊन लोणावळा गाठतो, त्याला सांगा, त्याचा जीव कासावीस होईल. बुद्धरत्नला काय सांगता? तो दीड वर्ष तेच करत होता.

बुद्धरत्न साहेबराव सोनकांबळे, वय चोवीस, चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला. काय डिझाइन करतो? तर मोटारीच्या दाराची बिजागरी. सकाळी खुर्चीत बसायचं, कॉम्प्युटरवर ती बिजागरी उघडायची, मिटायची, किती अंशात उघडते बघायचं, पुन्हा मिटायची... नऊ तास. जाताना बसमध्ये बसून जायचं, येताना बसमध्ये बसून यायचं. म्हणजे लाखभर वेळा उघडमीट केली तरी गाडीचं दार कुरकुरता कामा नये म्हणून हा माणूस डोळे फोडून घेतो, आणि याचा स्वतःचा गुडघा बसमधून उतरताना असा वाजतो की ड्रायव्हर मागं वळून बघतो, काय तुटलं म्हणून.

राहायला चऱ्होलीत, नव्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर, एकटा. आता तुम्ही म्हणाल, गावाकडून आलेला असेल. तिथंच तर गंमत आहे. हा जन्मला पिंपरीत. शाळा पिंपरीत, डिप्लोमा आकुर्डीला. वडील साहेबराव पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मशीनवर उभे होते, रिटायर झाले तेव्हा हौसेनं पोरासाठी हा फ्लॅट घेतला, त्यात स्वतः आणि याची आई भिमाबाई तीन महिने राहिले आणि एक दिवस म्हणाले, आम्ही गावी जातो. का? तर इथं कुणी भेटत नाही. साहेबरावांचं म्हणणं असं की पिंपरीच्या नेहरूनगरला जुन्या खोलीतून कोपऱ्यावरच्या दुकानात जायला अर्धा तास लागायचा, वाटेत सात जण थांबवायचे म्हणून. इथं नवव्या मजल्यावरून खाली यायला चाळीस सेकंद लागतात आणि एक माणूस 'काय साहेबराव' म्हणत नाही. गेले लोहाऱ्याजवळच्या आपल्या गावी. म्हणजे बघा, लोक गाव सोडून इथं येतात आणि एकटे पडतात. हा जागचा हललाच नाही, आणि एकटा पडला तो आईबाप गावी गेले म्हणून. सुट्टीला जायला गाव आहे, पण तिथं याला कुणी ओळखत नाही. इथं ओळखणारी पोरं होती ती कुणी माणच्या आयटी पार्कात, कुणी बंगळूरला, कुणी लग्न करून सासऱ्याच्या दुकानात.

रोज संध्याकाळी साडेसातला भिमाबाईंचा फोन. "काय करायलास?" "काही नाही." "जेवलास का?" "जेवीन आता." "बरं." पुढं दोघंही थोडा वेळ फोन धरून ठेवायचे, कारण लगेच ठेवला तर बरं दिसत नाही. मग ठेवायचे. तेवढंच दिवसातलं बोलणं. ऑफिसात बोलणं होतं, नाही असं नाही, पण ते बिजागरीबद्दल.

अशात कंपनीच्या कँटीनमध्ये एक दिवस फिजिओथेरपी कॉलेजची मंडळी टेबल लावून बसली. तेजस्विनी मॅडम. पुढचं शिक्षण घेत होत्या, त्यांचा प्रबंध होता, आणि त्याला पंचविशीच्या आतली, बसून काम करणारी साठ तरुण मुलं-मुली पाहिजे होती. विषय काय? ताण. म्हणजे तुमचाआमचा रोजचा ताण नव्हे, स्नायूंचा. मांडीची मागची शीर... शीर नाही ती, स्नायू असतो, मॅडमनी त्याला तीन वेळा सांगितलं, तो आखडला की गुडघा सरळ होत नाही, कमरेत वाकता येत नाही. त्यावर उपाय असा की तो स्नायू ओढला जाईल इतकं वाकायचं आणि तिथंच थांबायचं. हिसका द्यायचा नाही, झोके घ्यायचे नाहीत. नुसतं थांबायचं, तीस सेकंद. सोडायचं, पुन्हा वाकायचं. सहा आठवडे केलं तर सांधा किती मोकळा होतो, ते मोजायचं.

बुद्धरत्न खरं तर ताक घ्यायला निघाला होता. पण मॅडम म्हणाल्या, बघू तुमचा किती येतो, आणि त्याला बाकावर उताणा झोपवला. एक मांडी उभी धरली आणि गुडघा हळूहळू सरळ करत नेला, आणि तो मध्येच अडला. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसं एक उपकरण असतं त्यांच्याकडं, ते गुडघ्याला लावून त्या म्हणाल्या, अडतीस. म्हणजे पाय पूर्ण सरळ व्हायला अडतीस अंश कमी. बुद्धरत्नला अंश कळतात, तो ओशाळलाच. एवढ्या कमी उघडणाऱ्या बिजागरीला त्याच्या साहेबांनी दारात उभं केलं नसतं.

आणि तेव्हा त्या म्हणाल्या, "दुखतंय का?"

तुम्हाला सांगतो, आता तुमच्या डोक्यात लगेच काहीतरी सुरू झालं असेल. तसलं काही नाही. पुढं लग्नबिग्न नाही, मॅडमचं ठरलेलं होतं, बोटात अंगठी होती, त्यानं बघितली होती. पण बाकावर उताणा पडून, एक पाय आढ्याकडं, बाजूनं लोक ताटं घेऊन चाललेत, अशा अवस्थेत त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हे कुणी विचारून किती दिवस झाले ते आठवत नाही. तो म्हणाला, थोडंसं. आणि फॉर्मवर सही केली.

त्याच्या मनात काय असणार? की आता सहा आठवडे कुणीतरी रोज पाय धरेल, तीस आकडे मोजेल, दुखतंय का विचारेल. आणि पाकिटात निघाला 'ब'. अ गटानं ताण घ्यायचा, आणि ब गट तुलनेला, म्हणजे आपोआपच काही फरक पडत नाही ना, हे बघायला. मॅडमनी यादीच दिली. जिम नको, योगासनं नकोत, पळणं नको, पोहणं नको, क्रिकेट नको. जसं चाललंय तसंच चालू द्या. काही करायचं नाही.

अ गटात त्याच्याच डिपार्टमेंटचे दोघं. सनी आणि जयदीप. आठवड्यातून पाच दिवस ड्यूटी संपली की ती मंडळी कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये सतरंज्या टाकून बसायची. जोडीजोडीनं. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं पाय धरायचा, मॅडम मोजणार. या नादात त्यांची पावणेसहाची बस जायची, मग ते सगळे पुढच्या बसनं, वाटेत वडापाव खाऊन. त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, 'ताणलेले' नावाचा. सनी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी वाकून दाखवायचा, काल बोटं घोट्यापर्यंत आली, आज पंजाला लागली... ब गटाचाही ग्रुप होता. त्यात फक्त मॅडम लिहू शकायच्या. दर सोमवारी एक मेसेज: कृपया काही करू नये.

बुद्धरत्न पावणेसहाच्या बसमध्ये दोन सीटवर एकटा. तीस जण हॉलमध्ये राहिल्यामुळं बस निम्मी रिकामी. त्याला वाटायचं आपण काहीतरी चुकवतोय, आणि लगेच वाटायचं, नाही, आपलं काम चालूच आहे, आपण आत्ता या क्षणीसुद्धा काही करत नाहीये.

शनिवारी मात्र फोन यायचा. ब गटातल्या प्रत्येकाला मॅडम स्वतः फोन करायच्या. "सर, या आठवड्यात काही केलंत?" "नाही." "काहीच नाही ना?" "काहीच नाही." "खूप छान, असंच राहू द्या." आता मला सांगा, काही न केल्याबद्दल शाबासकी मिळालेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? त्या पावणेदोन मिनिटांसाठी तो शनिवारी दुपारी फोन चार्जिंगला लावून त्याच्याशेजारी बसायचा. पहिल्या शनिवारी त्याला चुटपुट लागली की फोन फार लवकर संपला. दुसऱ्या शनिवारी त्यानं मुद्दाम विचारलं, जिना चढला तर चालतो का? मॅडम म्हणाल्या, चालतो. अर्धा मिनिट वाढला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, दाराच्या कुलुपात बाहेरून कुणीतरी किल्ली घालतंय. घालतंय, फिरवतंय, पुटपुटतंय. बुद्धरत्ननं दार उघडलं. बाहेर एक पंचाहत्तरीचा म्हातारा, धोतर, पांढरी टोपी, हातात किल्ली, आणि चेहऱ्यावर अशी नाराजी, जणू चोर हाच आहे.

"तू कोन?"

"मी इथं राहतो."

"हितं मी राहतो."

बुद्धरत्ननं दारावरचा आकडा दाखवला. नऊशे दोन. म्हातारा वाकून बघत राहिला. मग म्हणाला, आमचं आठशे दोन. लिफ्टमध्ये कुणीतरी बटण दाबलं होतं, दार उघडलं तसा तो उतरला. समोर तेच दार, तोच पायपुसण्याचा तुकडा, तीच शेजाऱ्याची बंद जाळी. चूक कुणाची? सगळे मजले सारखेच करून ठेवलेत.

हे आबाजी. चऱ्होलीचे जुने शेतकरी. ही सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच रानावर, बिल्डरनं बदल्यात फ्लॅट दिले, त्यातला हा एक. मुलगा शेखर आणि सून पूनम पिंपळे सौदागरला राहतात. आबाजींना तिथं करमेना, म्हणाले मला माझ्या रानात राहू द्या. आता रान आठव्या मजल्यावर. बुद्धरत्न त्यांना सोडायला एक मजला खाली गेला तेव्हा ते सांगत होते, "डोळं झाकून फिरलोय रं मी ह्या जागंवर. हितं कांदा व्हायचा. पर आठव्या मजल्यावर काय व्हतं ते मला कसं ठावं असंल? तवा आठवा मजलाच नव्हता."

दार उघडलं आणि आतून लसणाचा असा भपकारा आला की बुद्धरत्नच्या डोळ्यांत पाणी. घरात सोफा, त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, आणि खाली फरशीवर पोतंभर लसूण. पूनमचा चटण्या-लोणच्यांचा घरगुती धंदा आहे. आबांचा वेळ जावा म्हणून ती दर आठवड्याला लसूण आणून टाकते आणि सोललेला घेऊन जाते. आबाजी खाली बसले, पाय पसरले, मध्ये परात ओढली आणि म्हणाले, नाव काय. बुद्धरत्ननं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. तो ते नेहमी पहिल्यांदाच सांगून टाकतो, मागाहून कुणाचा चेहरा बदलताना बघायला नको म्हणून. आबाजींनी एक पाकळी सोलून परातीत टाकली आणि म्हणाले, "एवढं लांब मला जमायचं न्हाई. रतन म्हनतो. बस."

बस म्हणणं सोपं असतं हो. बुद्धरत्ननं मांडी घालायचा प्रयत्न केला, गुडघे टोळासारखे कानाजवळ आले, आणि तो सावकाश, कुणी ढकलल्यासारखा, मागं पडला. पोत्यावर पडला म्हणून बरं. आबाजींनी तो उठेपर्यंत वाट बघितली आणि सांगितलं, पाय पसर आमच्यावानी. तर असे दोघं समोरासमोर, पाय पसरून, तळव्याला तळवे लागतील इतक्या अंतरावर, आणि मध्ये परात. आणि आबाजींची अट एकच: टरफल परातीतच पडलं पाहिजे. उडालं की घरभर होतं, आणि पूनम येऊन बोलते. त्यामुळं पंखा बंद, आणि पाकळी सोलायची ती परातीवर वाकून. सोलून होईपर्यंत मान वर करायची नाही.

लसणाची बारकी पाकळी सोलायला नवशिक्याला किती वेळ लागतो, कल्पना आहे? अर्धा मिनिट.

बुद्धरत्न वाकला, मांडीच्या मागं चर्रकन ओढलं. ओढतंय म्हणाला. आबाजी म्हणाले, ओढू दे, हिसकं देऊ नगं, हाय तिथं थांब. पाकळी झाली? आता सरळ व्हय. घे दुसरी.

तुम्हाला सांगतो, तुमच्या लक्षात आलं ते त्याच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? यादीत लसूण कुठं होता? जिम होती, योगासनं होती, क्रिकेट होतं. तो सोमवारी पुन्हा गेला. मंगळवारी गेला. बस चऱ्होलीला पोचायची साडेसहाला, हात धुऊन तो सातला खाली हजर. तासभर लसूण. आबाजी बोलायचे ते फार नाही. कुठल्या बांधावर कुणाशी भांडण झालं, बैल कसा आडमुठा होता, शेखर लहान असताना कसा विहिरीत पडला आणि स्वतःच वर आला. बुद्धरत्ननं त्यांना बिजागरी समजावून सांगितली. आबाजींनी ऐकून घेतली आणि विचारलं, दार उघडून माणूस जातो कुठं? भिमाबाईंचा फोन तिथंच यायचा. "काय करायलास?" "काही नाही, लसूण सोलतोय." त्या लगेच म्हणाल्या, कुणाकडं? आणि त्या दिवशी फोन अकरा मिनिटं चालला.

आणि शनिवारी मॅडम: काही केलंत? हा म्हणायचा, नाही. अगदी खरं बोलायचा. मॅडम म्हणायच्या, खूप छान.

पाचव्या आठवड्यात, सकाळी बसच्या रांगेत उभा असताना बुटाची नाडी सुटली. तो वाकला, बांधली, उभा राहिला, बसमध्ये चढला, खिडकीशी बसला... आणि मोशीच्या पुढं त्याच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं तो पलंगावर बसून, पाय हातानं ओढून मांडीवर घेऊन नाडी बांधत होता. आज गुडघे न वाकवता हात बुटाला लागले होते. त्यानं जागच्या जागी बसून हिशोब लावला. पाय सरळ. कमरेत वाकायचं. अर्धा मिनिट थांबायचं. सोडायचं. पुन्हा. अ गटाची पोरं मॅडमसमोर जे करत होती तेच हा परातीसमोर करत होता, फक्त त्यांच्या हाताला वास येत नव्हता.

आता दुसरा कुणी असता तर हसला असता. बुद्धरत्न घाबरला. का? सही केली होती. मॅडमनी विश्वासानं दर शनिवारी विचारलं होतं. साठ माणसांतली तीस काही न करणारी, त्यांच्यावर तो सगळा प्रबंध उभा, आणि त्यातला एक रोज संध्याकाळी आठव्या मजल्यावर जाऊन करत होता. एक काम दिलं होतं त्याला, काही करायचं नाही, तेवढं एकच, आणि तेही याच्याकडून नीट झालं नाही.

त्या संध्याकाळी तो दारातूनच आबाजींना म्हणाला की आता दोन आठवडे मला येता यायचं नाही. आबाजींनी विचारलं, आजारी हाय का? नाही. शिफ्ट बदलली? नाही. मग त्यानं सांगितलं की एका अभ्यासात मी आहे, आणि त्यात मला काही करायचं नाही असं सांगितलंय. आबाजींनी हे नीट समजून घेतलं. "काय बी न करायचं?" हो. "आन त्ये कळतं त्यास्नी, तू न्हाई केलं तर?" मोजतात. आबाजी म्हणाले, बरं, आणि परात आपल्याकडं ओढून घेतली.

तीन दिवस बुद्धरत्न वर बसून राहिला. हाताचा लसणाचा वास दुसऱ्या दिवशी गेला. आधी जमायचं ना, दीड वर्ष जमत होतं, संध्याकाळ काही न करता काढायची सवय होती, ती कुठं गेली? टीव्ही लावला, बंद केला. खुर्चीत बसला. आईचा फोन आला. "काय करायलास?" "काही नाही." "आज लसूण न्हाई?" "नाही." "बरं," म्हणाल्या, आणि दोघंही फोन धरून राहिले.

चौथ्या दिवशी सव्वासातला बेल वाजली. दारात आबाजी, काखेत परात, हातात लसणाची पिशवी.

बुद्धरत्न म्हणाला, "आबा, हा नववा मजला."

"व्हय. बटन मीच दाबलं."

ते आत आले, फरशीवर बसले, पाय पसरले. बुद्धरत्न उभाच. आबाजींनी दोन पाकळ्या सोलल्या आणि खाली बघतच म्हणाले, "तुला न्हाई करायचं तर नगं करू. तू बस नुसता. तीन दीस झालं, म्या कुनासंगं बोललो न्हाई."

काय करणार? तुम्ही काय केलं असतं? तो खुर्चीत बसला. मग त्याला वाटलं म्हातारा माणूस खाली आणि आपण खुर्चीत, हे बरं दिसत नाही, म्हणून खाली बसला. मग पाय ठेवायला जागा नाही म्हणून पसरले. मग समोर परात आहे, हात रिकामे आहेत, आबाजींची बोटं लाल झालीयत... त्यानं एक पाकळी घेतली आणि वाकला.

सहा आठवडे संपले. शेवटचं मोजमाप त्याच हॉलमध्ये. आधी अ गट. सनीचे तेरा अंश सुधारले, जयदीपचे अकरा, टाळ्या झाल्या. मग ब गट, एकेक करत. कुणाचा एक अंश इकडं, कुणाचा एक तिकडं, सगळं जिथल्या तिथं, मॅडमचा चेहरा खुललेला. बुद्धरत्न बाकावर उताणा झाला. मॅडमनी मांडी उभी धरली आणि गुडघा सरळ करत नेला... तो जातच राहिला. त्यांनी उपकरण लावलं. काढलं, पुन्हा लावलं. मागचा कागद काढून बघितला, हाच माणूस आहे ना. तिसऱ्यांदा लावलं. बावीस. सोळा अंशांची सुधारणा. अख्ख्या अ गटात इतकी कुणाची नव्हती.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही काय केलंत?"

खोटं बोलता आलं असतं हो. काही नाही म्हटलं असतं तर त्यांना काय कळणार होतं? दर शनिवारी ऐकलंच होतं त्यांनी. पण तो पाय आढ्याकडं असताना खरं बोलून गेला. म्हणाला, लसूण सोलला.

मॅडमनी त्याला उठवून बसवलं आणि सगळं विचारलं. कसं बसता, पाय कसे, पाठ कशी, वाकून किती वेळ. तो सांगत गेला, परातीचं अंतर हातानं दाखवलं. त्या लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, रोज किती वेळा?

"अर्धा किलो," बुद्धरत्न म्हणाला.

त्यांचं पेन थांबलं. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले, आता ते हसण्यानं की प्रबंधानं हे त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं. त्या म्हणाल्या, एकानं काही बिघडत नाही, पण मला तुम्हाला काढावं लागेल. त्यानं मान हलवली. त्यांनी त्याच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: सूचनांचे पालन केले नाही, वगळले. मग त्या म्हणाल्या, "पण चांगलं झालं. पायाचं म्हणते मी. सोडू नका ते." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तर असा तो वगळला गेला. अ गटात नव्हताच, आता ब गटातूनही गेला. सोमवारचा मेसेज बंद, शनिवारचा फोन बंद. पण त्याला तितकंसं वाटलं नाही, खरं सांगतो. मॅडमच म्हणाल्या होत्या ना, सोडू नका. तो त्या दिवशी पावणेसहाच्या बसनं आला, हात धुतले आणि सातला आठशे दोनची बेल वाजवली.

आतून मिक्सरसारखा आवाज येत होता. पूनम आलेली. आबांची बोटं लसणानं सोलवटलेली तिनं बघितली होती, तिचा जीव कळवळला, माणूस चांगलं करायला जातो तेव्हा असंच होतं, तिनं लसूण सोलायचं मशीन आणलं होतं. वरून गड्डा टाका, खालून पाकळ्या. आख्खं पोतं तिनं पाऊण तासात संपवलं, परात धुऊन फळीवर उपडी ठेवली, बुद्धरत्नला म्हणाली, दादा, तुम्हालाही फार त्रास झाला आमच्यामुळं, आणि गेली.

मशीन आबाजींच्याच घरात आहे. आता पूनम पोतं आणते, एक बटण दाबते, सोललेला लसूण घेऊन जाते. बुद्धरत्न अजूनही सातला जातो. दोघं समोरासमोर बसतात, पाय पसरून, आणि ते मशीन कधी बिघडतंय त्याची वाट बघतात. कंपनी चांगली निघाली हो. पाच वर्षांची वॉरंटी आहे.